खोट खपवणारा समाज

जालना जिल्ह्यात नवी घेतलेली गाडी खराब निघाली, तर बहुतेक वेळा ती शोरूमला परत जात नाही. ती विकली जाते. पहिल्या वर्षात वर्कशॉपच्या खेपा घालून दमलेली चारचाकी दुसऱ्या वर्षी एखाद्या शिक्षकाच्या दारात उभी राहते आणि चौथ्या वर्षी मंठा नाहीतर परतूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात पोचते. पहिल्याने ती का काढली हे दुसऱ्याला कोणी सांगत नाही, आणि दुसरा तिसऱ्याला सांगत नाही. ज्याने खोट घडवली आणि ज्याने ती गळ्यात मारली ते दोघे पैसे मोजून केव्हाच मोकळे झालेले असतात. उरलेले आपण सगळे एकमेकांना फसवत राहतो आणि त्याला व्यवहारज्ञान असे गोंडस नाव देतो. कंपन्यांवर आणि विक्रेत्यांवर मला बरेच बोलायचे आहे, पण आधी आपल्यावर.

पाडव्याला आणि दसऱ्याला शहरातल्या शोरूमपुढे पाय ठेवायला जागा नसते. बॉनेटवर लाल रिबीन, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा पुडा, फोटोसाठी हातभर लांब पुठ्ठ्याची चावी. बदनापूर, अंबड, घनसावंगीहून नातलग आलेले असतात. या गर्दीत शोरूमचा एक पोरगा फाईल पुढे सरकवतो आणि ‘इथे सही, इथे सही’ म्हणत बोट ठेवत जातो. जिथे बोट तिथे आपली सही. त्यातल्या एका कागदावर लिहिलेले असते की गाडी मी तपासून, सुस्थितीत ताब्यात घेतली. तपासलेली कोणीच नसते, कारण मुहूर्त टळत असतो. जो माणूस मोंढ्यात सोयाबीनला क्विंटलमागे पन्नास रुपये कमी लावले म्हणून आडत्याशी तासभर हुज्जत घालतो, तोच दहा लाखांच्या गाडीचे बॉनेट उघडायला लावताना संकोचतो. शोरूमच्या काचा, गार हवा आणि टाय लावलेला पोरगा यांच्यापुढे आपला आवाज का खाली जातो, याचा कधी तरी विचार करा. पैसे देणारे आपण आणि उपकार झाल्यासारखे वागणारेही आपणच.

बघायचे असते तरी काय? किलोमीटरचा आकडा. चेसिस क्रमांक, आणि तो बिलावर व कंपनीच्या फॉर्म २२ वर तोच आहे का. गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात बनली. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते. आरती होईपर्यंत हे सगळे उरकते.

गोव्यात एका ग्राहकाने ते पाहिले. त्याने २०११ च्या बनावटीच्या गाडीचे पैसे भरले होते. विक्रेत्याने पुढे आणून उभी केली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर धावलेली, खालून गंज चढलेली गाडी. त्याने ती घेण्यास नकार दिला. बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा, म्हणाला. विक्रेता म्हणाला, हीच घेऊन जा. प्रकरण जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर तो ग्राहक जिंकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र गाडीची कंपनी टाटा मोटर्सला जबाबदारीतून सोडवले. कंपनी आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. विक्रेत्याची लबाडी कंपनीला माहीत होती असे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. विक्रेत्यावरची जबाबदारी राहिली. म्हणजे पाटीवरचे जे मोठे नाव बघून आपण आत शिरतो, ते नाव भांडणाच्या वेळी हात झटकून बाजूला उभे राहू शकते. तक्रार करताना दोघांनाही पक्षकार करायचे आणि कोणाचा दोष कोणता ते वेगवेगळे मांडायचे, हे त्या निकालातून घ्यावे. मला त्याहून मोठे वाटते ते त्या माणसाचे पहिल्या दिवशी ‘नाही’ म्हणणे. आपल्याकडे बॉनेटवर हार चढल्यावर असे कोणी बोलला असता, तर घरातल्याच थोरांनी त्याला ‘अपशकुन करू नको’ म्हणून गप्प बसवले असते.

अपशकुनाचा विषय निघाला आहे तर तो पुरता बोलून टाकू. गाडी तिसऱ्या आठवड्यात बंद पडली की आपल्या घरात चर्चा क्लचची होत नाही. नजर लागली, अमावास्येला बाहेर काढली, रंग राशीला मानवला नाही. आणि गाडी लग्नात आली असेल तर यादीतले पुढचे कारण ठरलेले असते: सुनेचा पायगुण. कारखान्यात घडलेली चूक आपण एका मुलीच्या पायांवर ढकलतो! कंपनीचा पायगुण, विक्रेत्याचा पायगुण असे शब्द कोणाच्या तोंडून ऐकलेत? दोष शोधायला आपली दृष्टी नेहमी खाली वळते, घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडे. वर बघायची तिला सवयच नाही.

हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. तरीही बैठकीत ‘मुलाच्या हौसेची चारचाकी’ उच्चारली जाते, आणि हौस मुलाची असली तरी कर्ज मुलीच्या बापाचे असते. ती गाडी खराब निघाली तर काय होते ते पाहा. कायदा या घराला मोकळेपणाने दारात घेतो. ज्याने विकत घेतली तोच ग्राहक असे नाही. घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणाराही कायद्याने ग्राहकच. पण तक्रार करायची तर बिल जोडावे लागते, पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते कागद समोर येतात. पहिलाच प्रश्न निघतो, रक्कम कोणी भरली? तो प्रश्न नको म्हणून सगळे घर गप्प बसते. दुरुस्तीचा खर्चही मग मुलीच्या बापाकडेच जातो, ‘तुम्हीच हलकी गाडी दिली’ या टोमण्यासह. एका गुन्ह्याने दुसऱ्या गुन्ह्याला असे संरक्षण मिळते. विक्रेत्याला काही करावे लागत नाही; त्याचे रखवालदार आपल्याच माजघरात बसलेले असतात.

तोंड बंद ठेवणारी अशी छोटी पापे आणखीही आहेत. ‘बिल नको, तेवढे कमी करा’ म्हणून बसवून घेतलेल्या ॲक्सेसरीज. खासगी पासिंगची गाडी घेऊन तिच्यात भाड्याने माणसे नेणे. ज्याचा स्वतःचा कागद वाकडा, तो दुसऱ्याचा वाकडेपणा कोणत्या तोंडाने दाखवणार?

हा जिल्हा खोट ओळखत नाही असे म्हणता येणार नाही. जालना बियाण्यांचे शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथेच उभी केली. बी उगवले नाही, उगवले ते निराळेच निघाले, ही कहाणी भोकरदन-जाफराबादच्या शेतकऱ्याला नवी नाही. तिथे त्याची अडचण खरी असते. पेरलेले बी मातीतून वेचून दुकानदाराला परत करता येत नाही. कंपन्या न्यायालयात हेच म्हणत आल्या: नमुना कुठे आहे, प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे? २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. शेतकरी ग्राहकच आहे, आणि पेरणीच्या वेळी तपासणीसाठी मूठभर बी राखून ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. मातीत विरघळून गेलेल्या पुराव्याचा खटला शेतकरी जिंकले. गाडीचा पुरावा तर अंगणात उभा असतो, चाकांसह. तो बोलायला लागला तर त्यावर ताडपत्री टाकणारे आपणच.

आता कायदा काय देतो आणि काय देत नाही ते स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर हे लिखाण नुसते चिडचिडीचे होईल. रंग आवडला नाही, शेजाऱ्याने मोठी घेतली, हप्ता झेपेना, यासाठी गाडी परत करण्याचा हक्क भारतात कोणालाही नाही. हक्क आहे तो सदोष मालाबद्दल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने (तो लागू झाला २० जुलै २०२० पासून) सदोष माल परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दुकानदाराच्या भिंतीची शोभा आहे, कायदा नव्हे. आयोग दोष काढून देण्याचा, गाडी बदलून देण्याचा, व्याजासह पैसे परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. मोबदल्याची रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. गाडी संभाजीनगरहून घेतली असली आणि कंपनीचे मुख्यालय हजार कोस लांब असले, तरी तुम्ही जालन्यात राहता तर जालन्यातच तक्रार करता येते. हे २०१९ च्या कायद्याने दिलेले मोठे देणे आहे. शुल्क पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे. वकील सक्तीचा नाही. ‘कोर्टकचेरी परवडत नाही’ म्हणणाऱ्याने गाडीच्या हारावर आणि पेढ्यांवर किती गेले ते आठवावे.

पिकअप किंवा रिक्षा घेऊन पोट भरणाऱ्यांना शोरूमवाले हमखास ऐकवतात, ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक होत नाही.’ हे अर्धसत्य आहे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेला माल कायद्याने व्यापारी हेतूतून वगळला आहे, आणि १९९५ च्या लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः टॅक्सी, रिक्षा चालवणाऱ्याचेच उदाहरण दिले होते. स्वतःच्या शेतासाठी ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही त्याच वाटेने जाता येते.

मात्र गाडी बदलून मिळणे सोपे आहे अशी भूल कोणाला पडू नये. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, त्या भागासाठी सगळी गाडी बदलण्याची नाही. फियाटच्या प्रकरणात नंतर असे सांगितले की तज्ज्ञाच्या तपासणीत मुळातलाच उत्पादनदोष ठरला, तर ग्राहक पैसे परत मिळण्यास पात्र आहे. लढाई सगळी ‘मुळातला दोष’ या दोन शब्दांभोवती होते, आणि तो सिद्ध करण्याचे ओझे बहुतेक वेळा ज्याच्याकडे ना अभियंता ना प्रयोगशाळा त्याच्या खांद्यावर येते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच हा गुंता आकड्यात सोडवला: तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्येच पडून राहिली, तर कंपनीने ती बदलावी नाहीतर पैसे द्यावेत. आपल्या संसदेला असा साधा आकडा अजून सुचलेला नाही, आणि तो कोणी मागितलेलाही नाही. निवडणुकीत आपण काय काय मागतो!

आकडा नसल्यामुळे सारी मदार कागदावर. हे शोरूमला पक्के माहीत असते आणि आपल्याला नसते. ‘गाडी नवीन आहे, इंजिन मोकळे होऊ द्या.’ ‘पहिल्या सर्व्हिसिंगला बघू.’ ‘डिझेल कुठून भरता?’ ‘तुमच्या ड्रायव्हरचा पाय क्लचवर राहतो.’ अशा गोड बोलण्यात महिने जातात. गाडी आत जाते, बाहेर येते, आणि जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ एवढेच उमटते. तुम्ही सांगितलेली तक्रार तुमच्याच शब्दांत जॉब कार्डावर लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. दिली नाही लिहून, तर तेच त्याच दिवशी ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने कळवा. आणि रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. फायनान्सवाल्याचा करार वेगळा असतो. गाडी ओढून नेली की तुमचा पुरावाही तिच्याबरोबर जातो.

इथे नेहमीचा शहाणा माणूस उठतो आणि म्हणतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या एका म्हणीने महाराष्ट्राचे जेवढे नुकसान केले तेवढे थोड्याच म्हणींनी केले असेल. तिचा अर्थ इतकाच होतो की पायरी फक्त बदमाशांसाठी मोकळी ठेवावी. तक्रार करणारा आपल्या गावात ‘किरकिऱ्या’ ठरतो. मालकाच्या ओळखीचा कोणी पुढारी मध्ये पडतो, चहा पाजतो, ‘आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या’ म्हणतो. एक सर्व्हिसिंग फुकट, सीटकव्हरचा एक जोड, आणि प्रकरण मिटते. सीटकव्हरच्या जोडीत हक्क विकणाऱ्याला उद्या मताची किंमत किती लागेल, याचा हिशेब त्या पुढाऱ्याने आधीच केलेला असतो.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा देशात ग्राहकाचा कायदाही नव्हता. तो बारा वर्षांनी आला. २४ डिसेंबर १९८६ ला राष्ट्रपतींची मोहोर उठली म्हणून आता दरवर्षी २४ डिसेंबरला तहसील कार्यालयात बॅनर लागतो, दीप पेटतो, साहेबांचे भाषण होते, आणि खुर्च्यांवर बहुतेक तिथलेच कर्मचारी बसलेले असतात. कायद्याने तक्रार निकाली काढायला तीन महिने दिले आहेत, तपासणी लागत असेल तर पाच. प्रत्यक्षात तारखा किती पडतात ते कोणत्याही आयोगाच्या व्हरांड्यात उभे राहून विचारावे. आयोगांवरची अध्यक्ष-सदस्यांची पदे सरकारे भरत नाहीत म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. हा दोष सरकारचा आहे, पण रिकाम्या खुर्चीबद्दल जिल्ह्यात मोर्चा निघाल्याचे कोणी ऐकले आहे का? ज्या गोष्टीसाठी लोक रस्त्यावर येत नाहीत, तिच्यासाठी सरकार टेबलावरही येत नाही.

आणि हा प्रश्न निव्वळ पैशाचा असता तर मी इतक्या तावातावाने लिहिले नसते. ह्युंदाईच्या एका गाडीचा अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनी म्हणाली, धडकेचा जोर तेवढा नव्हता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित करण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावा अशी अपेक्षा नाही. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. तो माणूस पहिला मालक होता, त्याच्याकडे बिल होते, तो लढला. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर सुसाट धावणाऱ्या गाड्यांत अशी एखादी खोट चौथ्या हाताला गेलेली असेल, तर तिच्या स्टिअरिंगवर कोण बसले आहे?

जुन्या गाडीच्या सौद्यात आपण काय करतो ते आपल्याला पुरते माहीत आहे. इंजिन धुऊन घेतो, जाड ऑइल भरतो, मीटर मागे घेतो, इसार पावती करतो आणि ‘घरातल्या बाईने चालवलेली आहे’ असे शपथेवर सांगतो. दोष माहीत असून तो झाकून विकणे १८७२ च्या करार कायद्यानेही कपटच आहे. दीडशे वर्षांत आपल्याला ते पटलेले नाही. नाव लावून देण्याचा खर्च नको म्हणून गाडी नुसती बाँडवर विकतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सुरक्षेचा दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली, १ एप्रिल २०२१ पासून ती लागू झाली. कंपनीने गाडी परत बोलावली की निरोप जातो आरसीवर नाव असलेल्याच्या पत्त्यावर आणि फोनवर. बाँडवरच्या चौथ्या मालकाला तो कळायचा तर पहिल्याने कळवायचा. कळवायचे म्हणजे ‘खोट होती’ हे कबूल करायचे.

म्हणून गाडी विकायला काढणाऱ्या प्रत्येकाकडे माझी मागणी आहे. विक्रीची खबर चौदा दिवसांच्या आत आरटीओला द्या, नाव बदलून द्या, आणि सगळ्या जॉब कार्डांची फाईल गाडीबरोबर द्या. ती फाईल द्यायला हात धजत नसेल, तर ती गाडी शोरूमच्या दारात नेऊन उभी करायची होती. तक्रारीला कायद्याने पुरती दोन वर्षे दिली होती.